अर्धा फेरा उलटा

मित्रांनो, मी एक जुनं कुलूप आहे, आणि माझी गोष्ट जरा लांबूनच ऐकलीत तर बरं. तुम्ही चांगल्या घरची मुलं असाल, पण हात पाठीमागे का धरले आहेत, हे मी आधी विचारणार. राग मानू नका. माझा जन्मच माणसांना दारात अडवण्यासाठी झाला. समोर आलेला प्रत्येक जण मला आधी चोर वाटतो. त्याच्याजवळ किल्ली निघाली तरी माझा संशय लगेच जात नाही, कारण किल्ल्याही चोरता येतात.

घोडेगावाहून सोनईकडे जाताना एक लहान गाव लागतं. त्या गावाच्या खालच्या अंगाला, ज्याला लोक अजून महारवाडाच म्हणतात, तिथं पत्र्याच्या छपराचं एक प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या दाराला मी चाळीस वर्षं आहे. रविवारी तिथं उपासना होते आणि बाकीचे दिवस पूर्वी शाळा भरायची. आत माणसं असली की मी उघडा होऊन कोयंड्याला लटकतो आणि सगळं पाहतो. कोण डोळे मिटून प्रार्थना करतं आणि कोण डोळे मिटल्यासारखं करतं, हे माझ्याइतकं पाळकसाहेबांनाही ठाऊक नाही.

मला नगरला भिमाजी नावाच्या कारागिरानं घडवलं. तो लहानपणी दुष्काळात पोरका झालेला, लोहारकाम शिकून मोठा झालेला. जगानं त्याला फार फसवलं असावं, कारण माझ्या पोटात त्यानं एक खोडी करून ठेवली. माझी किल्ली सरळ फिरवली की मी अडकून बसतो. आधी अर्धा फेरा उलटा घ्यायचा आणि मगच सरळ फिरवायचं, तेव्हा मी उघडतो. मला विकताना भिमाजी म्हणाला होता, की सरळ फिरवणारा परका समजावा आणि उलटा फिरवणारा घरचा. मला ते फार आवडलं. मी ते आयुष्यभर खरं धरून चाललो आणि तिथंच माझी चूक झाली. पण ते पुढं येईल.

मला विकत घेणारे श्रीमंत मास्तर. नावाचेच श्रीमंत, अंगात एकच कोट, तोही कोपरावर ठिगळ लावलेला. महारवाड्यातच जन्मले, तिथंच ख्रिस्ती झाले, तिथल्याच पोरांना शिकवायचे आणि रविवारी उपासना चालवायचे. हे मंदिर वाड्यातल्या माणसांनी स्वतः दगड वाहून बांधलं होतं. गावच्या देवळात त्यांना शिरता येत नव्हतं, चावडीच्या ओट्यावर बसता येत नव्हतं. जगात ज्या दारातून कोणी हाकलणार नाही असं त्यांच्या मालकीचं हे एकच दार होतं. म्हणून मास्तरांनी त्याला माझ्यासारखं कुलूप लावलं.

बेचाळीस साल आलं. देशभर चलेजावची धामधूम होती. मास्तर नगरला जाऊन पत्रकं आणायचे आणि मंदिरातल्या मेजाखालच्या लाकडी पेटीत ठेवायचे. त्यांच्यावर तेव्हा कोणाचाच विश्वास नव्हता. मिशनच्या साहेबांना वाटायचं, हा मास्तर आपलं मीठ खाऊन काँग्रेसवाल्यांत शिरला. गावातल्या काँग्रेसवाल्यांना वाटायचं, हा किरिस्ताव, म्हणजे साहेबाचा माणूस. आपल्यातलं तिकडे जाऊन सांगेल. ते त्यांना सभेला बोलवायचे, पण उभं ठेवायचे ओट्याच्या खाली. मास्तर खाली उभे राहून स्वातंत्र्यावर बोलायचे आणि ओट्यावर बसलेले लोक माना डोलवायचे.

मास्तरांची बायको राहीबाई. तिनं हातानं एक तिरंगा शिवला, मध्ये चरखा असलेला. हिरवा पट्टा तिच्या जुन्या लुगड्याचा आणि केशरी पट्टा पळसाच्या फुलांत रंगवलेला. पांढरं कापड काही मिळेना. तेव्हा प्रभुभोजनाच्या मेजावर घालायचं कापड विरलं होतं, त्याचीच एक पट्टी तिनं कापून घेतली. मास्तर आधी बावरले, मग हसले. तो झेंडाही पत्रकांबरोबर पेटीत गेला.

आता गनीभाईचं सांगतो. हा आमच्याच गावचा. भांड्यांना कल्हई करायचा, कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या करून द्यायचा. घोडेगावच्या बाजारात त्याची ठरलेली जागा असे. मास्तरांचा आणि त्याचा चांगला घरोबा होता. दर महिन्याला तो माझ्यात तेलाचा थेंब सोडायचा. मास्तरांची एकच किल्ली होती, पितळी कडीत ओवलेली. त्यांनी गनीभाईकडून राहीबाईसाठी दुसरी करून घेतली. म्हणजे माझी खोडी आता तिघांना ठाऊक झाली. मला ते मुळीच रुचलं नाही. कुलपाचं गुपित एकाजवळ असावं. तिघांजवळ गेलं की ते गुपित राहत नाही.

ऑगस्ट संपत आला होता. त्या रविवारी मास्तरांनी उपासनेत स्वच्छ सांगितलं, की देवानं माणूस घडवला तेव्हा त्याच्या पायात बेडी घातली नव्हती. बेडी माणसानं घातली. ती इंग्रजानं घातलेली असो की गावानं, दोन्ही तोडायच्या. मी दाराबाहेर कान देऊन होतो, कारण असं बोलणं बाहेर जायला वेळ लागत नाही.

त्याच आठवड्यात, घोडेगावच्या बाजारच्या दिवशी, भर दुपारी पोलीस आले. मास्तर सोनईला गेले होते. वाड्यातली माणसं रानात होती. मी मनात म्हटलं, या, फोडा मला, घण घाला, बघू किती दमता. पण पोलिसानं खिशातून किल्ली काढली. माझ्या पोटात शिरताच मी ओळखली. नवी किल्ली होती, कानशीचे ओरखडे अजून गुळगुळीत झाले नव्हते. आणि त्यानं ती आधी अर्धा फेरा उलटी फिरवली.

मित्रांनो, मी उघडलो. दुसरं काय करणार? उलटा फिरवणारा घरचा, हेच मी धरून चाललो होतो. आत पेटी सापडली, झेंडा सापडला, पत्रकं सापडली. मास्तरांना सोनईच्या रस्त्यावरच धरलं.

त्या दिवसापासून मी एकच विचार करत राहिलो. खोडी कोणी सांगितली? मास्तर स्वतःला पकडून देणार नाहीत. राहीबाईची किल्ली संध्याकाळी तिच्या कनवटीला जिथल्या तिथं होती, मी पाहिली. राहिला गनीभाई. नवी किल्ली त्याच्याच हातची. एक केली तशी चोरून आणखी एक केली नसेल कशावरून? शिवाय दर बाजारच्या दिवशी घोडेगावला जाताना तो मंदिरावरून जायचा, त्या दिवशी नेमका फिरकला नाही. आणि दुसऱ्या दिवशी आला तो मान खाली घालून. त्यानं मास्तरांची पितळी कडीतली किल्ली राहीबाईच्या हातात ठेवली आणि तसाच निघून गेला. मास्तरांची किल्ली याच्याजवळ! आणखी काय पुरावा पाहिजे?

मंडळीतल्या, म्हणजे आमच्या उपासनेला येणाऱ्या लोकांनीही ते पाहिलं. कोणी त्याला तोंडावर काही बोललं नाही, पण वाड्यातली भांडी कल्हईला त्याच्याकडे जाईनाशी झाली. पुढं एकदा तो तेलाची बुधली घेऊन आला, तेव्हा मी मुद्दाम अडकून बसलो. त्याच्या हातात किल्ली फिरूच दिली नाही. रंगुबाई नावाची आमच्या मंडळीतली तिखट जिभेची बाई झाडत होती. ती म्हणाली, "कुलपाला बी कळतंय मानूस कसा हाय ते." मला त्या वाक्याचा किती अभिमान वाटला म्हणून सांगू! गनीभाईनं बुधली पिशवीत घातली आणि तो गेला तो परत आला नाही. त्यानंतर मला तेल मिळालं नाही आणि मी गंजू लागलो, पण ते मी इमानाची किंमत म्हणून सोसलं.

मास्तर दीड वर्षानं सुटले ते छातीचं दुखणं घेऊन. गावात बोलवा उठली होती, की किरिस्ताव मास्तर देशासाठी कशाला तुरुंगात जातो, शाळेतलं काहीतरी चोरलं असणार. मास्तरांनी कोणाला खुलासा दिला नाही. गनीभाईला ते भेटायला जाणार होते, पण अंगात बळ उरलं नव्हतं. सत्तेचाळीसच्या पावसाळ्यापूर्वी ते गेले. स्वातंत्र्याच्या दिवशी चावडीवर झेंडा लागला. राहीबाई घरातच राहिली. दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिला वाटेत थांबवून हसत म्हणालं, की आता तुमच्या साहेबाचं राज्य गेलं. तिचा नवरा ते राज्य घालवायला गेला होता. ती मंदिरात येऊन झाडून गेली.

एक गोष्ट मात्र मला कोड्यात टाकायची. आमच्यात तीन महिन्यांनी पाळकसाहेब येतात आणि प्रभुभोजन होतं. भाकर मोडतात आणि एकच प्याला हातोहात सगळ्यांत फिरतो. त्याआधी पाळकसाहेब विचारतात, कोणाचं कोणाशी वाकडं आहे का? असेल तर उठा, आधी समेट करा, मग मेजाशी या. मी भावाभावांना उपासनेतून उठून बांधावर जाताना आणि हात धरून परत येताना पाहिलं आहे. त्यांच्यासाठी सगळे थांबतात. तो प्याला राहीबाईच्या हातात यायचा, ती क्षणभर धरायची आणि ओठाला न लावता पुढं द्यायची. एकदा नाही, तीस वर्षं. मला वाटायचं, देवावर रागावली आहे बिचारी. नवरा नेला म्हणून.

बहात्तर साल उजाडलं. पावसानं पाठ फिरवली होती. रोजगाराच्या कामावर खडी फोडायला गावच्या जमिनीवाल्यांच्या बायकाही येऊ लागल्या आणि त्यांच्या शेजारी साठी उलटलेली राहीबाईही बसू लागली. हातोडा सगळ्यांचा सारखाच, पण पाण्याचा माठ वेगळा. आमच्या बायकांना ओंजळ धरायला लावून वरून पाणी घालायचे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून सरकार जुन्या स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट देणार, त्यांची नावं झेंड्यापुढं वाचणार, अशी बातमी तिला त्या खडीवरच कळली.

तिनं अर्ज करायचं ठरवलं. पैशासाठी म्हणाल तर तिनं तो विषयच काढला नाही. तिला एवढंच पाहिजे होतं, की ज्या चावडीखाली मास्तरांना उभं ठेवलं, त्या चावडीवर त्यांचं नाव मोठ्यानं वाचलं जावं. ते चोर नव्हते, हे गावानं एकदा ऐकावं. पण तुरुंगाचा दाखला वाळवीनं खाल्ला होता. मग गावातल्या जबाबदार माणसांची साक्ष हवी, आणि सरपंचांची सही हवी.

सरपंच होते काकासाहेब. मोठे बागाईतदार. बेचाळीस साली त्यांचे वडील गावचे पोलीस पाटील होते आणि हे नगरला शिकायला होते. त्यांनी सही द्यायचं नाकारलं नाही, पण दिलीही नाही. चौकशी होऊ द्या, म्हणाले.

जुलैतल्या एका सकाळी तालुक्याहून कारकून आले. मंदिरातल्या मेजाशी त्यांनी कागद मांडले. मला दारावरून काढून मेजावर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या मेजावर बसलो. एका बाजूला काकासाहेब, समोर राहीबाई, मागं मंडळीची माणसं. कारकुनांनी आधी जात विचारली. राहीबाई म्हणाली, ख्रिस्ती. ते म्हणाले, मग सवलतीच्या रकान्यात तुम्ही येत नाही. मला हसू आलं. राहायचं महारवाड्यात, पाणी प्यायचं ओंजळीनं, आणि सवलतीची वेळ आली की तेवढ्यापुरतं महार नसायचं. हा हिशेब मला आजवर उलगडलेला नाही.

मग झडतीचा विषय निघाला. काकासाहेबांनी मला उचललं, डोळ्यांजवळ नेलं, उलटंपालटं केलं.

"हे तवापासूनचंच कुलूप ना?" त्यांनी विचारलं.

"तेच हाय," राहीबाई म्हणाली.

"याच्यावर ओरखडा बी न्हाई. पोलीस आले म्हनता, पेटी काढली म्हनता. मंग दार उघडलं कसं? झडती झालीच नसंल. मास्तर दुसऱ्या कशात सापडले असतील."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो. मी कधी फुटलो नाही, हा माझा तीस वर्षांचा गर्व. आणि तोच माझ्या मास्तरांच्या विरुद्ध पुरावा झाला. मला बोलता आलं असतं तर ओरडलो असतो. कारकून टाक कागदावर टेकवून थांबले होते.

तेवढ्यात दारातून आवाज आला. गनीभाई होता. दाढी पांढरी झालेली, पाठीला पोक आलेला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला.

"झडती झालती साहेब," तो म्हणाला. "कुलूप फोडलं न्हाई, कारन पोलिसाकडं किल्ली हुती. किल्ली म्या दिली. खोडी बी म्याच सांगितली."

मंडळीत कुजबूज झाली. रंगुबाईनं मान हलवली. मी तर मनात उडालोच, सापडला एकदाचा! तीस वर्षांचा माझा संशय त्याच्याच तोंडून खरा झाला. कारकुनांना बरं वाटलं, कारण आता झडतीचा मेळ बसत होता. ते लिहू लागले, की गनीभाई यांनी पोलिसांना किल्ली पुरवली, आणि अंगठ्यासाठी त्यांनी शाईची डबी पुढं केली. गनीभाई चपला काढून आत आला. त्याचा अंगठा शाईत बुडाला तेव्हा राहीबाई उठून उभी राहिली.

"लिवू नका," ती म्हणाली. "खोटं हाय ते. किल्ली म्या दिली."

"वैनी, बसा तुमी," गनीभाई हळूच म्हणाला.

"आता न्हाई बसत, भाऊ. तीस वरीस बसले."

मग तिनं सांगितलं. तो बाजारचा दिवस होता. मास्तरांनी आपली किल्ली आदल्या दिवशीच गनीभाईकडे दिली होती. सकाळी त्यानं पेटीतलं गाठोडं काढून अवजारांच्या पिशवीतून घोडेगावला पोचवायचं, असं ठरलं होतं. राहीबाई पहाटेच खुरपायला गेली होती, ती दुपारी घरी आली. तिला वाटलं, पेटी केव्हाच रिकामी झाली. तेवढ्यात पोलीस पाटील एकटेच तिच्या दाराशी आले. ते म्हणाले, पोलीस दार फोडणार आहेत, मंदिराची मोडतोड होईल. किल्ली दे, ते आत बघतील, काही नसेल तर निघून जातील, मास्तरांच्या केसाला धक्का लागणार नाही, माझा शब्द आहे. वाड्यातल्या माणसांनी डोक्यावर दगड वाहून ते मंदिर बांधलं होतं. पेटी तर रिकामी होती. तिनं कनवटीची किल्ली काढून दिली, वर खोडीही सांगितली. संध्याकाळच्या आत किल्ली परत आली. गाठोडं पेटीतच होतं, हे तिला मास्तरांना धरल्यावर कळलं.

गनीभाई भिंतीला टेकून खाली बसला होता. तो म्हणाला, की सकाळी तो निघाला होता, पण ओढ्याजवळ पोलीस उतरलेले दिसले आणि त्याचे पाय मागं फिरले. घरात जाऊन कडी लावून बसला. पाटलांचा गडी दुपारी बोलून गेला, तेव्हा किल्ली कोणी दिली ते त्याला समजलं. "म्या येळेवर आलो आसतो तर पेटी रिकामीच हुती," तो म्हणाला. "वैनीचा गुन्हा न्हाई त्यो. माजाच हाय." म्हणून तीस वर्षं लोकांचे डोळे त्यानं अंगावर घेतले आणि तिचं नाव घेतलं नाही.

मी मेजावर पडून होतो. मित्रांनो, लाज ही चीज लोखंडालाही वाटते. राहीबाईची किल्ली कनवटीला आहे, एवढं मी संध्याकाळी पाहिलं. दुपारी ती कुठं होती, हे कधी स्वतःला विचारलं नाही. जो अर्धा फेरा उलटा घेतो तो घरचा, हे मला भिमाजीनं शिकवलं होतं. तो फेरा घरच्याच माणसानं भीतीपोटी आणि भाबडेपणानं दुसऱ्याला दिला असेल, हे माझ्या पोटातल्या खटक्यात बसतच नव्हतं.

काकासाहेबांचा मात्र विश्वास बसला नाही. त्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांच्या वडिलांचं नाव निघालं होतं. ते म्हणाले, "आता दोघं बी म्हनत्यात म्या दिली. उद्या तिसरा म्हनंल. खोडी म्हनं! कुलूप ते कुलूप. आना हिकडं." त्यांनी मला दाबून बंद केलं, किल्ली घातली आणि सरळ फिरवली. मी अडकलो. त्यांनी पुन्हा जोर केला. कपाळावर घाम आला, बोटं पांढरी पडली. कारकुनांनी करून पाहिलं. मी हललो नाही.

राहीबाई जवळ आली. तिनं मला हात लावला नाही.

"आदी आर्दा फेरा उलटा घ्या, दादा," ती म्हणाली. "तुमच्या वडलांना बी म्या हेच सांगितलं हुतं."

काकासाहेबांचा हात थांबला. मग त्यांनी किल्ली अर्धा फेरा उलटी घेतली. मला संशयाची सवय. मनात आलं, याच्या हातात उघडावं का? हा त्याच पाटलांचा मुलगा. पण मास्तरांचं नाव माझ्या खटक्यावर अडकलं होतं. गंज सोलवटत होता, तरी मी कडी सोडली. सगळ्या मंदिरात आवाज ऐकू आला.

काकासाहेबांनी मला मेजावर ठेवलं. मग ते कारकुनांना म्हणाले, "लिवा. माज्या वडलांनी शबूद दिला आन् किल्ली नेली. झडती झालती. मास्तर देशासाठीच गेल्ते." आणि त्यांनी सही केली.

आता तुम्ही म्हणाल, केवढा चांगला माणूस! असेल. पण ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती आणि वाड्यात मतं बरीच आहेत, हेही मला ठाऊक आहे. सही पश्चात्तापाची की मतांची, मी अजून ठरवू शकलेलो नाही. तरी हेही कबूल करतो, की स्वतःच्या मेलेल्या बापाविरुद्ध कागदावर लिहून देणं सोपं नसतं. जाताना त्यांनी किल्ली राहीबाईच्या हातात दिली. ओंजळीत वरून टाकली नाही, हातात दिली.

पंधरा ऑगस्टला राहीबाई धुतलेलं लुगडं नेसून चावडीवर गेली. मला झेंडा दिसत नाही, मी दाराचा बांधलेला. परत आल्यावर पायरीवर बसून तिनं रंगुबाईला सांगितलं, की यादी वाचली, मास्तरांचं नाव आलं नाही. कागद वर कुठंतरी राहिला म्हणे. काकासाहेबांनी तिला ओट्यावर खुर्ची दिली होती. "बसले मी," ती म्हणाली. "त्यांना कदी बसू दिलं न्हाई, म्हनून त्यांच्या वाटचं बसले." मग ती पदरानं डोळे पुसत राहिली आणि रंगुबाई पहिल्यांदाच काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. मेजावर तेच जुनं कापड घातलेलं, एका कडेला पट्टी कापलेलं. पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, कोणाचं कोणाशी वाकडं आहे का? राहीबाई उठली आणि दारातून बाहेर पडली. तिच्या मागोमाग रंगुबाई उठली, मग एकेक करून सगळी मंडळी. मंदिर रिकामं झालं. मेजावर भाकर आणि प्याला, आणि दाराला मी. मला वाटलं, आता चोर येईल. सवय जात नाही.

बऱ्याच वेळानं सगळे परत आले. मध्ये गनीभाई होता. आत यायला तो तयार होईना; तुमचं चालू द्या, मी इथं बसतो, म्हणाला आणि माझ्या खाली पायरीवर टेकला. आत प्याला फिरू लागला. राहीबाईच्या हातात आला. तिनं तो धरला, दाराकडे पाहिलं, आणि तीस वर्षांनी ओठाला लावला. मी पाहिलं. या एका गोष्टीत मला कसलाही संशय नाही.

मित्रांनो, ताम्रपट अजून आलेला नाही. तो कोणत्या टेबलाच्या खणात पडला आहे आणि त्या खणाला कोणतं कुलूप आहे, याचा मी रोज विचार करतो. तुम्ही मोठे झालात आणि तुमच्या हातात अशा खणाची किल्ली आली, तर एवढं करा; आत कोणाचं नाव अडकलं आहे ते आधी बघा. तुमच्या गावातही झेंड्यापुढं न वाचलेली नावं असतील. वेगळ्या माठाचं पाणी पिणारी माणसं असतील. त्यांच्याबद्दल मनात काही किंतू आला, तर स्वतः जाऊन त्यांना विचारा. संशय घेणं हे माझं काम आहे, तुमचं नाही. मी लोखंड आहे, आणि तरीही चुकलो.

त्या दिवशी उपासना संपली, माणसं पांगली. गनीभाई पायरीवरून गुडघ्यावर हात देऊन उठला. पिशवीतून त्यानं तेलाची बुधली काढली. तीच होती, तोंडाला चिंधी गुंडाळलेली. दोन थेंब बाहेर सांडले, एक माझ्या पोटात गेला. मग त्यानं किल्ली घातली आणि घाबरत थांबला, कारण मागच्या वेळी मी त्याला सगळ्यांसमोर परतवलं होतं.

मला माफी मागता येत नाही. कुलपाला दोनच गोष्टी येतात. गनीभाईनं अर्धा फेरा उलटा घेतला, आणि त्याला सरळ फिरवायची वेळही न देता मी उघडलो.